धारेचा हात

"तुम्ही जरा बाहेर थांबा," डॉक्टरीणबाई ह्यांना म्हणाल्या.

"मी नवरा हाय तिचा," हे म्हणाले. त्यांना वाटलं, बाईंना ठाऊक नसेल.

"कळलं मला. बाहेर थांबा."

हे पडदा सारून गेले. पडद्याखाली त्यांच्या चपला दिसत होत्या. बाई उठून दारापर्यंत गेल्या आणि त्या चपला तिथून हलेपर्यंत उभ्याच राहिल्या. मग परत येऊन त्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि खिडकीच्या उजेडाकडं वळवला.

बाजारगावच्या सरकारी दवाखान्यात त्या नव्यानं आल्या होत्या. ढोक आडनाव, नागपूरकडच्या. माझ्यापेक्षा लहानच असतील. माझ्या मनगटाभोवती, बांगड्यांच्या खाली, जांभळं कडं उठलं होतं. दंडावर काळानिळा डाग होता. अंगठ्याचं मूळ सुजून टणक झालं होतं.

"कुणी केलं हे?"

"कुणी न्हाई."

"मालनबाई, आता इथं आपण दोघीच आहोत. घरी कुणी हात पिरगाळतं का? बांधून ठेवतं?"

मला आधी काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा कानशिलं तापली.

"धारंचं दुखणं हाय ते," मी म्हणाले.

"कशाचं?"

"म्हशीची धार काढते मी. त्याचं."

"धार तर इथल्या सगळ्याच बायका काढतात. त्यांच्या हाताला असे वळ नसतात. हे कडं कशाचं?"

"चिंधी बांधते. आवळून बांधली की कळ जरा कमी लागती. मग धार निघती."

"स्वतःच बांधता? एका हातानं? इतकी घट्ट?"

"दातानं वढते."

बाई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "आणि दंडावरचं?"

"चांदरीनं मान झाडली. शिंग लागलं."

"चांदरी म्हणजे?"

"म्हस."

बाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. असली उत्तरं त्यांनी आधी कुण्या बाईच्या तोंडून ऐकली असणार आणि ती खोटी निघाली असणार, हे मला त्यांच्या बघण्यावरून समजलं. मी जितकं खरं सांगत होते तितकं ते त्यांना लपवल्यासारखं वाटत होतं.

"घाबरू नका," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "दोन आठवड्यांनी बाजारच्या दिवशी परत या. जमलं तर एकट्या या."

त्यांनी गोळ्या दिल्या, मनगटाला घालायला एक कडक पट्टा दिला. मी उठले तशा त्याही माझ्याबरोबर बाहेर आल्या. बाहेर बाकावर माणसं बसली होती. त्यात आमच्या हणमंतवाडीचीही होती. सगळ्यांच्या देखत बाई ह्यांना म्हणाल्या, "दोन आठवड्यांनी यांना परत तपासायचंय. यांच्या अंगावर मला पुन्हा असं काही दिसलं, तर मला पोलिसांना कळवावं लागेल."

ह्या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. पण बाकावरच्या सगळ्या माना एकदम ह्यांच्याकडं वळल्या, ते मला अजून आठवतं.

आमच्या ह्यांनी लग्न झाल्यापासून माझ्या अंगाला कधी बोट लावलं नव्हतं. आमच्या गल्लीत असा माणूस विरळाच होता आणि मला त्याची मनातून मोठी ऐट होती. आनंदा खोत म्हणजे शब्दानंसुद्धा न दुखावणारा माणूस, असं सगळे म्हणायचे. पोरगा सांगलीला बोर्डिंगात शिकायला, गोठ्यात पाच म्हशी. वैरण आणणं, पेंडीची पोती उचलणं, डेअरीला दूध घालणं ही ह्यांची कामं. शेणघाण, पाणी आणि दोन्ही वेळच्या धारा माझ्याकडं. तसं कुणी वाटून दिलं नव्हतं. मी आले तेव्हापासून ते तसंच होतं.

आदल्या वर्षी पोतं उचलताना ह्यांच्या कमरेत उसण भरली होती. पोतं टाकून हे तिथंच बसले, ते दोघांनी धरून घरात आणले. सगळ्या गल्लीनं बघितलं. मग सांगलीच्या डॉक्टरचा पट्टा आला, पाठीखाली फळी आली. ह्यांना खाटेवरून उतरू द्यायचं नाही, असा आत्तींचा हुकूम होता. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. महिनाभर माझ्या चुलतदिरानं वैरण टाकली. कुणाला ते वावगं वाटलं नाही, मलाही नाही. माणसाची कंबर गेली होती, डोळ्यांसमोर गेली होती.

माझा हात तसा कुणासमोर गेला नाही. आधी सकाळी उठल्यावर बोटं बधिर असायची. मग अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत तार ओढल्यासारखी कळ यायला लागली. अंगठा आत मुडपून म्हशीचा सड ओढायचा ही आमच्याकडची रीत, त्याच अंगठ्यात जोर राहिना. एकदा मी आत्तींना बोलले. त्या भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हात कुणाचं दुखत न्हाईत?" त्यानंतर मी बोलले नाही. चिंधी बांधायला लागले. कुणी बघू नये म्हणून हात पदराखाली ठेवायला लागले.

आणि मग एका सकाळी डेअरीच्या दारातच माझ्या हातातून किटली निसटली. ह्यांच्या गाडीवरून ती उतरवून घेत होते. सगळं दूध रस्त्यावर. आत्ती म्हणाल्या, "मुद्दाम टाकलीया तिनं." हे मला दवाखान्यात घेऊन गेले ते दुसऱ्या दिवशीच.

तर त्या दिवशी ह्यांच्या एम-एटी गाडीवर आम्ही परत निघालो. ओढा ओलांडल्यावर ह्यांनी गाडी थांबवली.

"काय सांगितलंस तिला?"

"धारंचं सांगितलं."

"धारंचं सांगितल्यावर पोलिसाचं नाव कसं निघंल?"

"मला काय म्हाईत? तिचा इस्वास बसला न्हाई."

"मला भाईर काढून एवढा येळ काय बोलत हुता?"

मी सगळं सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. ह्यांनी ऐकून घेतलं आणि गाडीला किक मारली. त्यांचाही विश्वास बसला नव्हता. ते मला त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

आमच्या आधी बातमी घरात पोचली होती. आत्ती दारातच बसल्या होत्या.

"पट्टा मिळाला न्हवं?" त्या म्हणाल्या. "आता बस म्हणावं पट्टा घालून."

पट्टा घालून सड धरता येत नाही. संध्याकाळी तो काढून मी खुंटीला अडकवला आणि चांदरीखाली बसले.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण त्या दिवसांत आमच्या घरात कुणीच कुणाकडं सरळ बघत नव्हतं. मी डेअरीकडं गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. त्यांची नजर माझ्या हातांवर यायची. मग मी हात पदराखाली घ्यायची आणि त्यांना वाटायचं, बघा, झाकती कशी. शेजारच्या वत्सलानं एकदा हळूच विचारलं, "मालन, कवापासून चाललंय गं?" मी म्हणाले, "हात दुखतोय नुसता." ती म्हणाली, "व्हय, आमाला बी असंच सांगाय लागतं." तिचा नवरा तिला मारतो हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्या दिवसापासून ती माझ्याशी जास्तच मायेनं वागायला लागली आणि मला ते नकोसं झालं.

हे बदलले होते. मी कुणाशी बोलत असले की कामाचं निमित्त काढून जवळ येऊन उभे राहायचे. वत्सला परसात आली की कुंपणाशी काहीतरी बांधत बसायचे. आणि सकाळी धारेच्या वेळी, जे कधी त्या वेळी गोठ्यात यायचे नाहीत ते, गोठ्याच्या दाराला टेकून उभे राहायला लागले. नुसतं बघायचे.

"काय पायजे?" मी एकदा विचारलं.

"काय न्हाई."

"मग हुबं का ऱ्हायलाय?"

"माझा गोठा हाय. हुबं बी ऱ्हाऊ नको?"

माझ्यावर पाळत ठेवतायत असं मला वाटलं. उद्या मी पुन्हा दवाखान्यात जाईन, एकटी जाईन, अशी धास्ती त्यांना असणार. चांदरीसुद्धा त्यांच्या उभं राहण्यानं बिचकायची आणि पान्हा चोरायची. मग मला जास्त जोर लावावा लागायचा. मी त्यांच्याकडं पाठ करून दातानं चिंधी ओढायची.

अशात माझा थोरला भाऊ आला. जालिंदरदादा. बरोबर चुलते होते. दादा कधी सांगितल्याशिवाय यायचा नाही, आणि आला की आधी पाणी मागायचा. त्या दिवशी त्यानं पाणी घेतलं नाही. अंगणातच उभा राहिला.

"हात दाव," तो मला म्हणाला.

"दादा, आदी बस की."

"हात दाव, मालन."

मी हात पुढं केला. कडं आता पिवळट पडलं होतं, पण त्यावर नवं जांभळं उठलं होतं. दादानं ते बघितलं आणि ह्यांच्याकडं वळला.

"पावणं, आमी तुमाला चांगलं समजत हुतो."

"मी तिला हात लावल्याला न्हाई," हे म्हणाले. "इचारा तिला."

"दादा, खरंच न्हाई मारलं त्यांनी," मी म्हणाले. "धारा काढून झालंय. चिंधी बांधून वळ उठल्यात."

"म्हशीनं लाथाडलं, दारात पाय घसरला, चिंधी बांधली," चुलते म्हणाले. "बायका हेच सांगत्यात. आमच्या अक्कीनं बी दोन वर्सं हेच सांगितलं."

अक्की म्हणजे त्यांची मुलगी. ती पुढं माहेरीच राहिली.

"आत्ती, तुमी तरी सांगा," मी म्हणाले. "तुमी घरातच असताय."

आत्ती उंबऱ्यात बसल्या होत्या, हात पदरात गुंडाळून. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "मारलं न्हाई. पर हिचं काय चाललंय त्ये मला बी ठाव न्हाई. काम सुटावं म्हणून डॉक्टरणीच्या कानाला लागली आसंल."

झालं. ज्याला त्याला कुणाचा ना कुणाचा संशय होता आणि मी मधे उभी होते. मला आठवतं, मी त्या क्षणी ह्यांच्याकडं बघितलं. त्यांनी एक शब्द बोलावा असं मला वाटत होतं. काम सुटावं म्हणून कशाला करंल ती, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते खाली मातीकडं बघत होते.

"घे कापडं," दादा म्हणाला.

"दादा, मी न्हाई..."

"घे. पुढच्या बाजाराला त्या डॉक्टरणीनं बोलवलंय न्हवं? मी घिऊन जातो. काय लिवून द्यायचं त्ये देऊ."

"जाऊ द्या तिला," हे म्हणाले. "कोण नगं म्हणतंय?"

"आन म्हशी?" आत्ती उंबऱ्यातून म्हणाल्या. "म्हशी कोण बघणार?"

दादा कडवट हसला. "बघितलंस मालन? तुझं न्हाई इचारलं."

"मी बघीन म्हशी," हे म्हणाले.

माहेरी माझ्या हाताला काही काम नव्हतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या हाताला काही काम नव्हतं. वहिनी मला भांडंसुद्धा उचलू देईना. पण तीही बघायची. मी हसले की बघायची, जेवले की बघायची. एक दिवस तांदूळ निवडताना म्हणाली, "वन्सं, रागावू नका. खरंच मारत न्हवतं, तर आलासा कशाला?"

दादानं ओढून आणली हे खरं. पण मी पाय रोवून उभी राहिले नव्हते हेही खरं. पिशवी भरताना, उद्या सकाळी चांदरीखाली बसायचं नाही, असा विचार मनात आला होता आणि माझे हात भराभर चालले होते. तेवढं मी वहिनीला सांगितलं नाही.

सूज उतरायला लागली. कडं विरत गेलं. आणि जसजसं ते विरलं तसतशी मला धास्ती वाटायला लागली. सासरहून आली नि वळ गेले, म्हणजे मारतच होता, असं आता सगळे म्हणणार. हात बरा होणं हीच ह्यांच्याविरुद्धची साक्ष झाली असती. दादा तसं म्हणालाच. "बघ. चार दिस त्या घरात न्हाईस तर हात कसा हुतोय."

बाजारच्या दिवशी तो मला दवाखान्यात घेऊन गेला. बाकावर गर्दी होती. आणि बाकाच्या टोकाला हे बसले होते.

दाढी वाढलेली. सदऱ्याच्या बाह्या खाली ओढून घेतलेल्या. मला बघून ते उठले नाहीत. दादानं माझं कोपर धरलं.

"हिथं कशाला आला? तिला धमकवायला?"

"माझा नंबर हाय," हे म्हणाले.

नर्सबाईनं नाव पुकारलं. खरंच ह्यांचंच होतं. हे आत गेले आणि लगेच बाईंचा आवाज आला, "तुम्ही? तुमच्या बायकोशी बोलायचंय मला, तुमच्याशी नाही." मग ह्यांचा हलका आवाज आला, शब्द कळले नाहीत. मग पडदा बाजूला झाला आणि बाई स्वतः दारात आल्या. "मालनबाई, या आत. तुम्ही भाऊ ना? तुम्हीही या."

ह्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला होता. मनगटाला धोतराची पट्टी गुंडाळलेली, दातानं ओढून बांधलेली. गाठ कशी पडते ते मला बघताक्षणी ओळखता आलं. बाईंनी ती सोडवली. खाली जांभळं कडं. अंगठ्याचं मूळ सुजून वर आलेलं.

"इचारा की," हे म्हणाले. "हे कुणी केलं, इचारा. ही तर माहेरला हुती."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण तोंडावर राग होता आणि मला त्या रागाची भीती वाटली. हा माणूस माझा हात समजून घ्यायला आलेला नाही, स्वतःचं नाव सोडवायला आलाय, असं मला वाटलं.

बाईंनी ह्यांना अंगठा मुठीत मिटायला सांगितला आणि मूठ करंगळीकडं हलकेच वाकवली. हे खुर्चीतून अर्धे उठले. मग बाईंनी माझ्याकडं हात पुढं केला. "तुम्हीही मिटा अंगठा." मागच्या खेपेला त्यांनी हे केलं नव्हतं. त्यांनी मूठ वाकवली आणि माझ्या कोपरापर्यंत तीच तार ओढली गेली. इतके दिवस विसावलेला हात, सूज उतरलेला, तरी कळ तिथंच होती. दादानं माझं तोंड बघितलं. नंतर ह्यांचं बघितलं. त्याचा हात माझ्या कोपरावरून सुटला.

"किती म्हशी आहेत?" बाईंनी ह्यांना विचारलं.

"पाच."

"एका म्हशीला किती वेळ लागतो?"

"आता मला... मी नवा हाय. हिला कमी लागतो."

"हे किती वर्षं करतात त्या?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं. बाईंनी विचारलं, आजारी असताना कोण काढायचं, बाळंतपणात कोण काढायचं, सणाला कोण काढायचं. ह्यांना एकाचंही उत्तर येईना. प्रत्येक वेळी ते माझ्याकडं बघायचे आणि मी सांगायची. मीच. बाळंतपणात माझी आई येऊन राहिली होती, तेव्हा ती हयात होती, तिनं. चांदरी कुणाला सड धरू देत नाही, म्हणून तिची तेव्हाही मीच. दादा भिंतीला टेकून ऐकत होता.

"दोघांनाही विश्रांती हवी," शेवटी बाई म्हणाल्या. "यांची शीर जुनी सुजलेली आहे, वेळ लागेल. तुमची ताजी आहे. पंधरा दिवस दोघांनीही धार काढायची नाही."

"मग काढायची कुणी?" हे म्हणाले.

हे ते सहज बोलून गेले. बोलल्यावर मात्र थबकले. आमच्या तिघांपैकी कुणी उत्तर देईल म्हणून ते वाट बघत राहिले.

दादा मला तिथूनच परत घेऊन जायला तयार होता. मी म्हणाले, घरी जाते. त्यानं फार ओढून धरलं नाही. ह्यांच्यासमोर हात जोडले आणि बाजारात निघून गेला.

येताना ओढ्यापाशी मीच गाडी थांबवायला लावली.

"एक इचारू?"

"इचार."

"नावाचा डाग निघावा म्हणून केलंसा न्हवं सगळं?"

"पयले दोन दिस व्हय," ते म्हणाले. "म्हटलं, दावतो धार काढून, काय हुत न्हाई म्हणून. तू खोटं बोलतीस असंच वाटत हुतं मला."

"आन मग?"

"मग हात दुखाय लागला."

"गोठ्याच्या दारात हुबं ऱ्हायचा, तवा?"

"तवा बघत हुतो तू काय करतीस. दातानं वढतीस म्हणालीस न्हवं. खरं वढतीस का बघत हुतो." जरा थांबून ते म्हणाले, "पर तू पाठ करायचीस."

एवढंच बोलणं झालं. मला ते पुरलं नाही, पण खोटं वाटलं नाही.

पंधरा दिवसांसाठी वरच्या आळीचा एक माणूस सकाळ-संध्याकाळ येऊन धारा काढून जायला लागला. चांदरी त्याला हात लावू देईना, म्हणून तिचं दूध रेडकाला सोडलं. गावात पोलिसांची गोष्ट मागं पडली आणि ह्यांच्या हाताची पुढं आली. बायको रुसून माहेरी गेली तर बिचाऱ्यानं स्वतः धारा काढल्या, हात सुजला, असं सगळीकडं झालं. डेअरीचा चेअरमन घरी येऊन विचारून गेला. वत्सलानं शेकायला विटा तापवून आणल्या, त्या ह्यांच्यासाठी. माझ्या हाताकडं तिनं बघितलं नाही. माझ्याशी बोलणंच तिनं सोडलं होतं. मी तिला खरंच खरं सांगितलं होतं, मी तिच्यासारखी मार खाणारी नव्हते, याचा तिला राग आला असावा.

आत्ती रोज आंबेहळद उगाळून ह्यांच्या मनगटाला लावायच्या. एका दुपारी हे झोपले होते आणि मी पडवीत शेंगा फोडत होते, डाव्या हातानं. आत्ती हळदीची वाटी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. मला वाटलं, आता काहीतरी ऐकवणार. मी शेंगा फोडत राहिले.

"ती डॉक्टरीण," आत्ती म्हणाल्या. "म्हाताऱ्या बायकांचं हात बघती का गं?"

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की ह्यात काय डाव असेल. बाईंपुढं जाऊन माझ्याबद्दल काही सांगायचं असेल. मी विचारलं, "कशाला?"

आत्तींनी पदरातून हात बाहेर काढले आणि गुडघ्यांवर ठेवले. त्या घरात मी इतकी वर्षं वावरत होते, त्यांच्या हातची भाकरी खात होते, पण ते हात असे उजेडात समोर ठेवलेले मी कधी बघितले नव्हते. दोन्ही अंगठे मुळाशी चौकोनी झाले होते. हाड बाजूला सरकल्यासारखं वर आलं होतं. त्यांनी अंगठा उघडून दाखवायचा प्रयत्न केला. तो उघडला नाही.

पुढच्या बाजाराला हे आम्हा दोघींना घेऊन गेले. एम-एटीवर तिघं बसून.

बाईंनी आत्तींचे हात उजेडाकडं वळवून बघितले. हे दारात, पडद्याला धरून उभे होते.

"आजी, कधीपासून दुखतायत?"

"ह्यो रांगत हुता तवापासनं," आत्ती म्हणाल्या आणि हनुवटीनं ह्यांच्याकडं दाखवलं.

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. सासूला सांगितलं हुतं. ती म्हणाली, हात कुणाचं दुखत न्हाईत." आत्ती हे अगदी साधेपणानं बोलल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"मग धार कधी सोडलीत?"

"अंगठं मिटंनात तवा सोडली. दूध ऱ्हायला लागलं कासंत. म्हशी आटाय लागल्या. ह्येच्या बाला म्हटलं, पोराचं लगीन उरकून टाका. ह्यो न्हाई म्हणत हुता, शिकायचं हुतं त्येला. म्या ऐकलं न्हाई. हात चालणारी पोरगी बघून आणा म्हटलं." मग त्यांनी माझ्या दिशेनं मान वळवली. "ही आली."

लग्न ठरताना ह्यांच्या घरची माणसं आली होती तेव्हा आत्तींनी माझा हात हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला होता. मला वाटलं होतं, बांगड्यांचं माप घेतायत. मी ह्यांच्याकडं बघितलं. त्यांना हे आजवर माहीत नव्हतं. त्यांच्या तोंडावरून ते स्पष्ट दिसत होतं.

आत्तींच्या अंगठ्यात सुई दिली गेली, गोळ्या मिळाल्या. कळ कमी झाली. अंगठे काही सरळ झाले नाहीत, त्या गेल्या तोपर्यंत नाहीत.

त्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा धारेची वेळ झाली होती. वरच्या आळीच्या माणसाचे पंधरा दिवस त्याच दिवशी सकाळी संपले होते आणि त्याला पुन्हा सांगायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. गोठ्यात म्हशी ओरडत होत्या. मी पदर खोचला. हात बराच हलका झाला होता.

"बस," हे म्हणाले. त्यांनी बादली घेतली आणि गोठ्यात गेले.

मी पडवीत बसले. आत्ती माझ्या शेजारी बसल्या. आतून धारेचा आवाज यायला लागला. एक धार, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. चांदरीनं पाय आपटला. बादली हलल्याचा आवाज आला.

"वढतोय नुसता," आत्ती म्हणाल्या. "आदी गोंजारलं पायजे तिला. न्हाईतर आखडती ती."

"सांगा की त्यांनला," मी म्हणाले.

"तू सांग."

मी उठले नाही. आत्तीही उठल्या नाहीत. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, आणि थोड्या वेळानं आतून हे चांदरीशी काहीतरी हळू बोलायला लागले.